जलमानची दुसरी सही

हर्षदाचं यंत्र एक डिसेंबरला बंद होणार होतं, आणि ते चालू राहायला दोन माणसांच्या सह्या हव्या होत्या. त्यातली एक माझी होती आणि दुसरी माझ्या नवऱ्याची.

ऐकणाऱ्याला वाटेल, एका घरातल्या दोन सह्या, त्यात काय एवढं? चहा उकळेस्तोवर होतील. मलाही तसंच वाटलं होतं.

हर्षदा माझी धाकटी बहीण. धारणीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. लग्न केलं नाही, घरच्यांचं ऐकलं नाही, आणि बेचाळिसाव्या वर्षी दोन्ही किडन्या गेल्या तेव्हाही अमरावतीला माझ्याकडे यायला तयार नव्हती. सरकारी योजनेतून घरी ठेवायचं डायलिसिसचं यंत्र मिळालं म्हणून ती मेळघाटात राहू शकली. एक दिवसाआड शाळेतून आली की चार तास ती त्या यंत्राला जोडून घ्यायची आणि मोकळ्या हाताने वह्या तपासायची. शेजारच्या फुलाबाई कासदेकर, अंगणवाडीच्या सेविका, तेवढा वेळ दारात तांदूळ निवडत बसायच्या. नजर यंत्रावर.

यंत्र बनवणारी कंपनी तीन वर्षांत गाशा गुंडाळून गेली. यंत्रं राहिली, राज्यभरात अठ्ठावन्नशे. त्यांच्या आतला प्रोग्रॅम सांभाळायची जबाबदारी आमच्या गळ्यात पडली. आमच्या म्हणजे पळसच्या.

पळस ही कोणाच्याही मालकीची नसलेली, सगळ्यांना खुली असलेली संगणकप्रणाली. ती हजारो छोट्या तुकड्यांची मिळून बनते, आणि त्या एकेका तुकड्याला आम्ही पॅकेज म्हणतो. कोणीही पॅकेज लिहावं किंवा सुधारावं, पळसच्या स्वयंसेवकांनी ते तपासावं, आणि ठीक असेल तर ते सगळ्यांच्या यंत्रांवर जावं, अशी साधी पद्धत. मी तंत्रनिकेतनातले तास आटपून आल्यावर वीस वर्षं हे काम करत आले. माझ्या नवऱ्याने, हेमंतने, तर याच्यासाठी नोकरीच लवकर सोडली.

पूर्वी दिवसाला चाळीस पॅकेजं यायची. मग कोड लिहिणारी यंत्रं पोरासोरांच्या हातात आली आणि दिवसाला नऊ हजार यायला लागली. माणसाने किती तपासायचं? म्हणून तपासायलाही यंत्रंच बसवली. यंत्राने लिहायचं आणि यंत्रानेच शाबासकी द्यायची. त्या थाटामाटात एक दिसायला गोंडस, आतून विषारी पॅकेज सगळ्यांच्या नाकाखालून गेलं आणि सहा शहरांचे पाण्याचे पंप दीड दिवस बंद राहिले. तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. नियम झाला: पॅकेज कोणीही लिहो, ते दोन जित्याजागत्या माणसांनी ओळ न् ओळ वाचायचं. आणि नुसतं वाचलं म्हणायचं नाही, वाचल्याचा पुरावा द्यायचा.

पुरावा म्हणजे वाचनपट्टा. कपाळाला बांधायचा, दोन बोटं रुंद. त्यामागचं शास्त्र जुनंच आहे. वाचताना न जुळणारा शब्द आला की साधारण चार दशांश सेकंदात मेंदूत विजेची एक ठरावीक लाट उठते. 'मी सकाळच्या चहात दोन चमचे रेती घातली', हे वाक्य वाचताना 'रेती'पाशी तुमच्या डोक्यात ती आत्ता उठली असेल. नवं एवढंच, की ती लाट आता डोक्याला जेल न फासता, ओळीगणिक टिपता यायला लागली. सोबत डोळे कुठे आहेत हे बघायला बारीक कॅमेरा. ओळ समजली की पडद्यावर ती हिरवी होते, शंका आली की पिवळी, आणि नुसतीच नजर फिरली तर पांढरी राहते. पंच्याऐंशी टक्के हिरवं हवं, आणि पिवळं एकही उरता कामा नये. मगच सही उमटते. प्रत्येकाच्या मेंदूची ठेवण वेगळी, त्यामुळे एकाचा पट्टा दुसऱ्याला चालत नाही.

खोट्या सह्या थांबल्या. रांग मात्र वाढत गेली, कारण खरं वाचायला माणसाला खरोखरचा वेळ लागतो. त्या नोव्हेंबरात अडतीस हजार पॅकेजं वाचणाऱ्याची वाट बघत होती.

आणखी एक पद्धत सांगायला हवी. आम्ही तिला अबोला म्हणतो. एकाच पॅकेजचे दोन वाचक, दोघांच्या सह्या होईपर्यंत, त्या पॅकेजबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. दोन माणसं कशाला लागतात? एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसावं म्हणून. बोलले की एकाचे डोळे दुसऱ्याला लागतात. आमच्या घरात तर हा अबोला कडक. हेमंत समोरच्या खोलीत खिडकीशी, मी स्वयंपाकघरात. भाजी काय करू, गॅस संपला, सगळं बोलायचं. पॅकेजचं नाव नाही. मोलकरणीला वर्षभर वाटत होतं की या दोघांचं काहीतरी बिनसलंय.

त्या यंत्रातलं जे पॅकेज रक्तातून किती पाणी काढायचं ते ठरवतं, त्याचं नाव जलमान. जुन्या जलमानमध्ये दोष निघाला होता, आणि आरोग्य खात्याने हुकूम काढला की एक डिसेंबरपासून जुनं जलमान असलेलं प्रत्येक यंत्र कुलूपबंद होईल. नवं जलमान लिहून तयार होतं. दोन हजार एकशे चाळीस ओळी. एका कोड लिहिणाऱ्या यंत्राने लिहिलेलं. रांग सांभाळणाऱ्या, मिरजेच्या इम्तियाज मुजावरने ते वैद्यकीय रांगेत एक नंबरला आणून ठेवलं. वैद्यकीय पॅकेजं वाचायची परवानगी तिघांनाच होती: हेमंत, मी आणि पुण्याचे नीलकंठ वासनिक. वासनिकांनी दोन वर्षांपूर्वी पट्टा काढून ठेवला होता. डोकं पोळलं म्हणाले.

मी तीन दिवसांत वाचलं. शहाण्णव टक्के हिरवं. सही केली आणि हर्षदाला फोन लावला.

"झालं माझं. आता तुझ्या भाऊजींचं झालं की सुटलो."

"मग काय, भाऊजी तर एका बैठकीत करतील," ती म्हणाली. "ताई, मी शाळेत स्नेहसंमेलनाचं घेऊन राहिली. पोरांना नाचवायचं आहे. तेवढं हे यंत्र चालू ठेव बाप्पा."

पाच दिवस झाले, हेमंतचं होईना.

बावीस तारखेला सकाळी मी त्याला उपमा द्यायला गेले. दुसऱ्याच्या पडद्याकडे बघायचं नाही, हाही नियमच. पण पांढरा रंग इतका होता की न बघता दिसला. वरून खालपर्यंत पांढऱ्या ओळी, मध्ये मध्ये हिरव्या. कोपऱ्यात आकडा: अठ्ठावन्न.

"अहो, बरं नाही का?"

"बरा आहे ना. होऊन राहिलं."

मी बशी ठेवली आणि समोर बसले. त्याने पट्टा काढला. कपाळावर त्याचा लाल वळ उठला होता.

"भाग्यश्री, मी वाचतो. समजतंही. पण खालच्या ओळीवर गेलो की वरची राहतच नाही. पहिले चारदा वाचलं की जमायचं. आता नाही जमून राहिलं."

"कधीपासून?"

"ते कसं सांगू?" तो म्हणाला. "तेच तर आठवत नाही." आणि हसला.

मीही हसले. मग मला रडू आलं, आणि ते थांबेना. वर्षभर तो एकाच दिवशी दोनदा मेथी आणत होता, किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवत होता, जुन्या विद्यार्थ्यांची नावं विसरत होता, आणि मी वय झालं म्हणून थट्टा करत होते. स्वतःला हुशार समजणारी बाई मी. दुसऱ्याच्या कोडमधली स्वल्पविरामाएवढी चूक पकडणारी.

डॉक्टरांकडे त्याच दिवशी गेलो. त्यांनी आजाराचं जे नाव घेतलं ते मला आधीच माहीत होतं. मला त्या दिवशी नवऱ्याजवळ बसायला हवं होतं. मी तारखा मोजत होते. आठ दिवस उरले होते.

तुम्ही म्हणाल, इम्तियाजला खरं सांगायचं. सांगितलं असतं तर काय झालं असतं ते ऐका. वाचकाचं वाचन भरवशाचं नाही असं ठरलं, की त्याने दोन वर्षांत सही केलेलं प्रत्येक पॅकेज परत रांगेत जातं. हेमंतची तशी दोनशे चौदा. सलाइनचे पंप, नवजात बाळांच्या पेट्या, सगळी वैद्यकीय. आणि ज्याला अख्खा पळस उंबरकर सर म्हणतो, त्याचं नाव अशा कारणाने निघालं असतं. मला ते नको होतं. यातलं कोणतं कारण मोठं होतं, हे मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

वासनिकांना फोन केला. म्हटलं, एकदाच वाचता का, घाईचं आहे.

"सर आहेत ना? मग मले काऊन बोलावता?"

मी विषय बदलला आणि फोन ठेवला. इम्तियाजला विचारलं, नवा वाचक तयार करायला किती दिवस? तो म्हणाला, "परवानगी काय, मी एका दिवसात देतो वहिनी. पण यंत्राचा अभ्यास करून जलमान कळायला नवख्याला दोन-तीन आठवडे तरी लागत्यात बघा. सर करतील की."

पंचवीस तारखेला मी रजा टाकली, खुर्ची उचलली आणि हेमंतच्या शेजारी नेऊन ठेवली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"हे चालत नाही ना?" तो म्हणाला.

"नाही चालत. पट्टा लावा."

मी एकेक ओळ त्याला समजावून सांगायला लागले, पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगते तशी. ही ओळ वजन घेते. ही दाब बघते. त्याचं वाचून व्हायचं, डोळे चमकायचे, आणि ओळ हिरवी व्हायची. पट्ट्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याला प्रत्येक ओळ खरोखरच कळत होती, त्या क्षणापुरती. पुढच्या ओळीवर ती राहते की नाही, हे पट्टा विचारतच नव्हता. असं कोणी करेल हे तो बनवणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं.

आणि खरं सांगू? ते तीन दिवस सुखाचे होते. हेमंत मध्येच 'वा' म्हणायचा. अबोल्याच्या इतक्या वर्षांत आम्ही कामाचं कधी बोललोच नव्हतो. त्याला काय आवडतं, कुठे तो थबकतो, हे मला माहीतच नव्हतं.

सत्तावीस तारखेला दुपारी तेराशे शहाऐंशीवी ओळ आली. यंत्र रोग्याचं वजन दोन काट्यांवर घेतं, एक खुर्चीखाली, दुसरा निघालेल्या पाण्याच्या पिशवीखाली. दोन्हींचे हिशोब जुळले नाहीत, तर सावधपणे वागायचं, म्हणजे पाणी कमी काढायचं. तेवढ्यासाठी ती ओळ होती.

"हे उलटं झालं ना," हेमंत म्हणाला. "यात दोन आकड्यांतला मोठा घेतला आहे." ओळ पिवळी झाली होती.

"नाही हो. तो ठेवायच्या पाण्याचा आकडा आहे. ठेवायचं जास्त म्हणजे काढायचं कमी. मोठाच घ्यायला हवा."

"पण इथे तर काढायच्या—"

"अहो, नऊ वर्षं मी ही जागा बघून राहिली! अजून साडेसातशे ओळी आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "असं होय," म्हणाला. "तू म्हणतेस तर तसंच असेल." ओळ हिरवी झाली.

उत्कंठा वाढवत बसायची मला हौस नाही, म्हणून इथेच सांगते. तो बरोबर होता. जुन्या जलमानमध्ये त्या जागी शरीरात ठेवायच्या पाण्याचा आकडा असायचा. नवं लिहिणाऱ्या यंत्राने त्याच जागी काढायच्या पाण्याचा आकडा ठेवला होता, आणि तुलना मात्र जुनीच राहू दिली होती. मी दोनदा ती ओळ वाचली आणि दोन्ही वेळा मला नऊ वर्षांपासूनची ओळ दिसली. हेमंत जुनं सगळं विसरला होता. त्यामुळे समोर लिहिलेलं होतं ते त्याने वाचलं.

अठ्ठावीस तारखेला त्याची सही उमटली. सत्त्याऐंशी टक्के. एक डिसेंबरला हर्षदाचं यंत्र सुरू झालं. तिने फोनवर मला यंत्राचा आवाज ऐकवला, मागे फुलाबाई हसत होत्या, आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून पोटभर रडले.

पाच तारखेला जमिनीला जरा उतार असलेल्या हर्षदाच्या खोलीत खुर्ची चार बोटं सरकली. दोन काटे जुळेनात. यंत्राने सावधपणे, म्हणजे आता उलट्या अर्थाने सावधपणे, पाणी ओढायला सुरुवात केली. हर्षदाच्या हातातली वही पडली. फुलाबाईंनी यंत्र थांबवायचं लाल बटण दाबलं म्हणून ती वाचली.

सहाला सकाळी तिचा फोन आला. "माझंच चुकलं असेल ताई. रविवारी कढी दोन वाट्या घेतली होती. रक्तदाब सत्तरवर उतरला होता म्हणे."

मी कोड उघडला. शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आता ती ओळ मला दिसत होती.

जलमान मागे घ्यायचं तर बटण एकच आहे. पण त्याखाली कारण लिहावं लागतं, आणि दोन्ही वाचकांच्या पट्ट्यांच्या नोंदी आपोआप जोडल्या जातात. आणि मागे घेतलं की अठ्ठावन्नशे यंत्रांना तासाभरात कुलूप. आधी हर्षदाला फोन केला. काय झालं ते सगळं सांगितलं, भाऊजींच्या आजारासकट.

ती म्हणाली, "सही तूच केली ना?"

"हो."

"दोन्ही तूच केल्या."

"हो."

"मग आता लगेच नको करू. उद्याचं डायलिसिस होऊ दे माझं. कालचं अर्धंच झालं. फुलाबाई बसतात ना, बटण दाबतात त्या. एक दिवस, ताई."

"तुझ्याकडे फुलाबाई आहेत. बाकीच्यांकडे कोण आहे हे मला माहीत नाही."

"मला बाकीच्यांचं नको सांगू!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "मी काय करू ते सांग!"

मी म्हटलं, जीप कर आणि इकडे ये. आणि फोन न ठेवता कारणाच्या जागी सगळं खरं लिहून बटण दाबलं.

इम्तियाजचा फोन दहा मिनिटांत आला. मला वाटलं शिव्या घालेल. त्याने आधी विचारलं, "सर कसे हायेत?" मग त्याचा आवाज बदलला. "वहिनी, तुमच्या दोघांचे पट्टे बंद करावे लागत्यात. नियम हाय." दोनशे चौदा पॅकेजं रांगेत परत गेली. वैद्यकीय रांगेत आता वाचकच नव्हता. संध्याकाळी वासनिकांनी फोन केला, मी पट्टा लावून राहिलो म्हणाले. ठेवता ठेवता थांबले. "तेव्हाच खरं सांगितलं असतं तर आलो असतो ना वहिनी."



ओळीची दुरुस्ती मी त्याच दिवशी पाठवली होती. पाठवायची मुभा कोणालाही असते, सह्यांचा हक्क गेलेल्यालाही. पण आमचं वाचन रद्द झालं होतं. सगळ्या दोन हजार एकशे चाळीस ओळी पुन्हा दोघांनी वाचायच्या होत्या. वासनिकांनी चार दिवसांत सही केली. दुसरी सही कोणाची? वाचणारं कोणी मिळेना, तेव्हा इम्तियाज स्वतःच बसला. त्याला रांग सांभाळता यायची, डायलिसिस कशाशी खातात हेही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी त्याचा आकडा एकतीस.

हर्षदा जीपमधून उतरली तेव्हा तिच्या चपला पायात जात नव्हत्या, इतके पाय सुजले होते. घरोघरी यंत्रं आली म्हणून गावोगावची डायलिसिस केंद्रं गेल्या काही वर्षांत बंद केली होती. उरलेल्यांच्या दारात आता अठ्ठावन्नशे घरांची माणसं उभी होती. चार दिवसांनी तिला दोन तास मिळाले. पुढची तारीख मिळाली सोळा.

तिला पाणी मोजून द्यावं लागायचं, दिवसाला दोन कप. हेमंतच्या ते लक्षात राहायचं नाही. तो दर तासाला पेला भरून आणायचा. "हर्षदा, पाणी घे ना. किती सुकलं तोंड तुझं." ती पेला हातात घेऊन बसायची. तो गेला की माझ्याकडे द्यायची. एकदा दिला नाही. मी बघितलं, आणि रिकामा पेला धुऊन ठेवला.

बारा तारखेला दुपारी इम्तियाजचा फोन आला.

"वहिनी, चौपन्नच्या पुढं आकडा सरकंना. तुम्ही शेजारी बसून सरांना सांगितलं तसं मला सांगा की. फोनवर सांगा. मी पट्टा लावतो. उद्यापर्यंत सही हुतीय बघा."

हर्षदा समोरच आडवी होती. तिने ऐकलं.

"सांग त्याला," ती म्हणाली. श्वास लागत होता. "सांगून टाक ना गं. आता तर तुला माहीत आहे चूक कुठे होती."

माहीत होती. खात्री होती. पण खात्री मला सत्तावीस तारखेलाही होती. माझ्या तोंडून इम्तियाजला कळलं असतं ते माझंच कळणं असतं, आणि त्या दोन हजार ओळींत मला न दिसलेलं आणखी काय आहे ते मला कसं दिसणार? अठ्ठावन्नशे माणसं पुन्हा माझ्या एकटीच्या डोळ्यांवर.

"नाही," मी म्हटलं. "तू वाच. तुझं तू."

इम्तियाज म्हणाला, "बरं. पण फोन चालू ठेवा. बोलू नका, नुस्तं ऱ्हावा. एकट्याला लई भ्या वाटतंय."

हर्षदाने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही असं नाही. बोलली. उशी वर कर म्हणाली, फुलाबाईंना फोन लाव म्हणाली. ताई मात्र म्हणाली नाही.

पंधरा तारखेला सकाळी साडेआठला ती गेली. हृदय थांबलं. सोळाला तिचा नंबर होता.

मी बरोबर केलं असं मला म्हणायचं नाही. चूक केलं असंही कोणी माझ्याकडून वदवून घेऊ नये. मला माझी बहीण हवी होती, एवढंच मला नक्की सांगता येतं.

सतरा तारखेला दुपारी घरात माणसं बसली होती. हेमंत प्रत्येकाला विचारत होता, हर्षदा कुठे गेली, आणि प्रत्येक वेळी नव्याने ऐकून रडत होता. फोन वाजला.

"वहिनी," इम्तियाज म्हणाला, "आज नको असंल तर ऱ्हाऊ द्या. मी वाचतो एकटा."

"लाव," मी म्हटलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं.

तो मोठ्याने वाचत होता, अडखळत, एकेक ओळ दोनदा, तीनदा. ही ओळ काय करती? थांब. वजन. हां, खुर्चीखालचं वजन. मी खाटेच्या कडेला बसून ऐकत होते. तासाभराने तो तेराशे शहाऐंशीव्या ओळीवर आला. वाचली. पुन्हा वाचली.

"काटे जुळले न्हाईत तर ल्हान आकडा घ्यायचा," तो हळूहळू म्हणाला. "म्हंजे पाणी कमी काढायचं. बरोबर हाय. आणि इथं आधी मोठा असंल तर..." तो थांबला. "वहिनी, हीच ती ओळ का?"

'हो' अगदी तोंडाशी आलं होतं. मी पदराचा बोळा करून तोंडात धरला.

त्याने वाट पाहिली. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, आणि माझा त्याला येत असणार. बाहेर हेमंत पुन्हा कोणाला तरी विचारत होता.

थोड्या वेळाने इम्तियाजने घसा साफ केला आणि तेराशे सत्त्याऐंशीवी ओळ वाचायला घेतली.